पापणीच्या काठावरचं दुखणं

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असते. मुलाने रजा टाकलेली असते, मुलगी गावाहून निघालेली असते, आणि आधीच्या तपासणीत डॉक्टर सांगतात, "आजींच्या पापण्यांना सूज आहे. दोन-तीन आठवडे शेक द्या, पापण्या स्वच्छ ठेवा, मग तारीख घेऊ." घरच्यांना हे पटत नाही. डोळ्यातल्या भिंगाचा आणि पापणीचा काय संबंध?

संबंध फार जवळचा आहे. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणं दुर्मिळ असतं, पण झाला तर दृष्टी जाऊ शकते. तो संसर्ग घडवणारे जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या पापण्यांवरून आत गेलेले असतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर डोळ्यात पोव्हिडोन आयोडीनचे थेंब घालतात ते याचसाठी. पापणी सुजलेली आणि खपल्या धरलेली असेल, तर जंतूंची संख्या मुळातच वाढलेली असते. शिवाय अशा डोळ्यावरचा अश्रूंचा थर नीट पसरत नाही, त्यामुळे आत बसवायच्या भिंगाचं मापही चुकण्याची शक्यता असते. तारीख पुढे ढकलणारा डॉक्टर आजींचं भलंच करत असतो.

या दुखण्याला डॉक्टर 'ब्लेफेरायटिस' म्हणतात, म्हणजे पापणीच्या काठाचा दाह. ते ओळखणं अवघड नाही. सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असतात, कोपऱ्यात चिपडं साठलेली असतात, काठ लालसर आणि किंचित जाडसर दिसतो. दिवसभर डोळ्यात वाळूचा कण गेल्यासारखं खुपत राहतं. डोळे चुरचुरतात, मधूनच पाण्याने भरतात, वाचताना अक्षरं धूसर होतात आणि पापणी मिटून उघडली की पुन्हा स्पष्ट दिसतात. पापण्यांच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे खवले असतात. 'डोळे आलेत' असं समजून पुष्कळजण तेवढ्यापुरते थेंब घालतात. आठवडाभर बरं वाटतं, मग सगळं पुन्हा सुरू होतं. डोळे येण्याचा त्रास सहसा एक-दोन आठवड्यांत जातो. हा त्रास वर्षानुवर्षं येत-जात राहतो, आणि हे आधीच कळलेलं बरं, कारण त्यावर काय करायचं ते सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

पापणीच्या आत एक पातळ, टणक पट्टी असते. त्या पट्टीत, एकीला एक लागून, उभ्या तेलाच्या ग्रंथी असतात. वरच्या पापणीत साधारण तीस, खालच्या पापणीत पंचवीसच्या आसपास. त्यांची तोंडं पापणीच्या काठावर, केसांच्या ओळीच्या आतल्या बाजूला उघडतात. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. प्रत्येक वेळी पापणी मिटली की या ग्रंथी किंचित दाबल्या जातात आणि तेलाचा अतिसूक्ष्म थेंब बाहेर येतो. पापणी उघडताना तो अश्रूंवर पसरतो. डोळ्यावरचं पाणी भराभर उडून जाऊ नये, ही त्या तेलाची कामगिरी. तेल कमी पडलं की डोळा कोरडा पडतो, आणि कोरड्या डोळ्यातून त्रासाने पाणी वाहू लागतं. "डोळ्यातून इतकं पाणी येतं, आणि तुम्ही कोरडा डोळा म्हणता!" असं रुग्ण वैतागून विचारतात, त्याचं उत्तर हे आहे.

आता हे तेल कसं बिघडतं? निरोगी माणसाच्या ग्रंथीतलं तेल साधारण २८ ते ३२ अंश सेल्सियसच्या दरम्यान पातळ होतं. पापणीचं तापमान त्याहून थोडं वर असतं, म्हणून ते सहज वाहतं. ग्रंथींना विकार झाला की तेलाची घडण बदलते आणि ते वितळायला ३५ अंश किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे पापणीच्या नेहमीच्या उबेत ते वितळतच नाही. थंडीच्या सकाळी फडताळातल्या बरणीतलं साजूक तूप थिजलेलं असतं, तसं ते ग्रंथीच्या तोंडाशी घट्ट होऊन बसतं. मागे तेल साठतं, ग्रंथी फुगते, काठ सुजतो, त्या साठलेल्या तेलावर जंतू पोसले जातात आणि ते तेलाची घडण आणखी बिघडवतात. वर्षानुवर्षं असंच राहिलं तर ग्रंथी झिजून जातात, आणि एकदा झिजलेली ग्रंथी सहसा परत येत नाही.

म्हणून गरम शेक हा या दुखण्यावरचा पहिला उपाय आहे, आणि माझ्या मते घराघरांत सर्वांत चुकीच्या पद्धतीने केला जाणारा उपायही तोच आहे. लोक रुमाल गरम पाण्यात बुडवतात, पिळतात, डोळ्यावर ठेवतात आणि मिनिटभरात काढतात. "शेक घेतला, पण फरक नाही," असं सांगतात. फरक पडणार कसा? पिळलेला रुमाल दोन मिनिटांत कोमट होतो. घट्ट झालेलं तेल वितळायचं तर पापणीच्या आतल्या बाजूला सुमारे ४० अंश उष्णता पोचायला हवी आणि ती काही मिनिटं टिकायला हवी. कातडी, मधली पट्टी, आतून वाहणारं रक्त या सगळ्यांमधून उष्णता आत जायला वेळ लागतो.

तेव्हा असं करावं. मऊ सुती पंचाचे दोन तुकडे घ्यावेत. पातेल्यात पाणी गरम करून ते झाकून जवळ ठेवावं, किंवा थर्मासमध्ये भरावं. हाताला सोसेल आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून चटका बसणार नाही एवढं ते गरम हवं. एक तुकडा बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर ठेवावा. दीड-दोन मिनिटांनी तो काढून लगेच दुसरा ठेवावा, पहिला परत बुडवावा. असं आलटून-पालटून एकूण आठ ते दहा मिनिटं. डोळ्यावर दाब देऊ नये, नुसतं कापड टेकवावं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी काढावी. ओलं कापड मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये, कारण ते एका जागी कोमट आणि दुसऱ्या जागी पोळणारं होतं. गरम पाण्याच्या भांड्यावर तोंड धरून वाफ घेणंही नको. वाफेची उष्णता आपल्या हातात राहत नाही, आणि पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्यात पातळ कातडीपैकी आहे. बाजारात डोळ्यांवर बांधायचे गरम पट्टे मिळतात. ते उष्णता जास्त वेळ धरतात, म्हणून सोयीचे आहेत, पण पंचा आणि थर्मास यांनी काम भागतं.

शेक संपला की लगेच, तेल पातळ आहे तोवर, हलकी मालीश. हात साबणाने धुतलेले असावेत. डोळे मिटून वरच्या पापणीवर बोटाने वरून खाली, केसांच्या दिशेने सरकवत यावं. खालच्या पापणीवर खालून वर. तेलाची तोंडं काठावर आहेत, म्हणून नेहमी काठाकडेच जायचं. चार-पाच वेळा पुरे. डोळ्याचं बुबुळ दाबलं जाईल इतका जोर लावायचा नाही. ज्यांना केरॅटोकोनस आहे, म्हणजे बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे आलेला आहे, किंवा ज्यांची नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालीश करू नये.

मग काठ पुसणं. स्वच्छ कापसाचा बोळा किंवा कापूस गुंडाळलेली काडी उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवावी आणि पापण्यांच्या केसांच्या मुळाशी, नाकाकडून कानाकडे, हळुवार फिरवावी. खपल्या नखाने किंवा चिमट्याने ओढून काढू नयेत, त्यांच्यासोबत केस निघतात आणि बारीक जखमा होतात. खपल्या हट्टी असतील तर पेलाभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा खायचा सोडा विरघळवून ते पाणी वापरावं. ते रोज ताजं करावं. दोन्ही डोळ्यांना वेगळा कापूस.

लहान मुलांचा शॅम्पू दहापट पाण्यात मिसळून पापण्या धुवायचा सल्ला जगभर दिला जात असे, अजूनही दिला जातो. तो अगदी निरुपयोगी नाही. पण न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात २०१८ मध्ये झालेल्या एका चाचणीत त्याची तुलना पापण्यांसाठीच बनवलेल्या स्वच्छकाशी केली, तेव्हा तो स्वच्छक सरस ठरला. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रू पसरायला मदत करणारा एक श्लेष्मल घटक शॅम्पूच्या वापरानंतर कमी झालेला आढळला. परवडत असेल तर पापण्यांसाठीचा फेस किंवा ओले वाइप्स औषधाच्या दुकानातून घ्यावेत. नसेल परवडत, तर कोमट पाणी आणि सोडा आहेच.

पहिले दोन ते चार आठवडे हे सगळं सकाळ-संध्याकाळ. त्रास उतरला की दिवसातून एकदा. इथेच बहुतेकांची माळ तुटते. पापण्या छान दिसू लागतात, शेक बंद होतो, महिनाभरात काठ पुन्हा लाल. उपचारांवरचा पुरावा तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्याचा निष्कर्ष असा होता की, पापण्यांची स्वच्छता त्रास कमी करते, पण हा दीर्घकालीन दाह कायमचा बरा करणारा एकही उपाय ठामपणे सिद्ध झालेला नाही. मला हे निराशेचं वाटत नाही. रोजच्या पंधरा मिनिटांत माणूस सुखाने वाचू शकतो, गाडी चालवू शकतो, रात्री नीट झोपू शकतो.

केसांच्या मुळाशी कोंडा दिसत असेल तर डोक्याकडेही पाहावं. डोक्यातला कोंडा, भुवयांतले खवले आणि पापण्यांचा दाह हे त्रिकूट पुष्कळदा एकत्र असतं. कोंड्यामागे असणारी मॅलेसेझिया नावाची बुरशी स्निग्ध पदार्थांवर जगते. रात्री डोकं तेलाने चिंब करून झोपायची सवय आपल्याकडे प्रेमाने जपली जाते, पण ज्यांना कोंडा आहे त्यांना ती सवय महागात पडते. तेल लावायचंच तर धुण्याआधी तासभर लावावं. कोंड्याचा औषधी शॅम्पू डोक्यालाच वापरावा, पापण्यांना नाही.

खवल्यांचा एक प्रकार मात्र वेगळा आहे. आरशासमोर खाली पाहून वरच्या पापणीचे केस बघा. प्रत्येक केसाच्या बुडाशी मेणासारखी, अर्धपारदर्शक नळी गुंडाळल्यासारखी दिसली, तर तिथे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे असण्याची दाट शक्यता आहे. लांबीला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही लहान, डोळ्याला न दिसणारे. साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या अंगावर ते थोड्याफार प्रमाणात असतात आणि सहसा काही करत नाहीत. घाणेरडेपणाचं ते लक्षण नव्हे, त्यामुळे लाज वाटायचं कारण नाही. संख्या फार वाढली की मात्र खाज सुटते, विशेषतः पहाटे, कारण ते अंधारात बिळातून बाहेर फिरतात. एका किड्याचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं, म्हणून उपचार निदान दीड महिना चालवावा लागतो. त्यांच्यावर थेट काम करणारे लोटिलॅनरचे थेंब अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये मंजूर झाले. आपल्याकडे डॉक्टर टी-ट्री तेलाचे घटक असलेले वाइप्स सुचवतात. असे तयार वाइप्सच वापरावेत. बाटलीतलं शुद्ध टी-ट्री तेल पापणीला कधीही लावू नये, त्याने बुबुळ भाजल्यासारखं होतं.

रांजणवाडी हे याच घरातलं दुसरं दुखणं. केसाच्या मुळाशी किंवा तेलग्रंथीत पू होऊन ती ठणकते. ज्यांच्या पापण्या नेहमी सुजतात त्यांना ती वारंवार होते. तिच्यावर खारकेची बी उगाळून लावणं, लवंग उगाळून लावणं, तर्जनी तळहातावर घासून तिची ऊब देणं असे उपाय आजीकडून चालत आलेले आहेत. त्यातली ऊब देण्याची कल्पना बरोबर होती, फक्त घासलेल्या बोटाची उष्णता फार अपुरी पडते. उगाळलेल्या बीचा आणि लवंगेचा लेप मात्र डोळ्यात उतरतो, सहाणेवरची घाण सोबत नेतो, आणि लवंगेतलं तेल झोंबतं ते वेगळंच. मध, कांद्याचा रस, अंगावरचं दूध यांनाही डोळ्यात जागा नाही. रांजणवाडी फोडू नये. दिवसातून तीन-चार वेळा वर सांगितला तसा शेक घेतला की ती बहुधा आठवड्याभरात आपोआप फुटते किंवा विरते. ठणका जाऊन टणक गाठ उरली तर तिला शालेझिऑन म्हणतात. तीही शेकाने बरेचदा विरघळते, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात.

काजळाविषयी स्पष्टच सांगायला हवं. पापणीच्या आतल्या काठावर ओढलेली काजळाची किंवा पेन्सिलीची रेघ नेमकी तेलग्रंथींच्या तोंडांवरून जाते. दाह असेपर्यंत ते पूर्ण बंद ठेवावं, नंतरही केसांच्या बाहेरच्या बाजूने लावावं आणि झोपण्याआधी काढावं. सुरम्यात शिसं असू शकतं, कारण पारंपरिक सुरमा शिशाच्या खनिजापासून बनतो. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काजळ घालणं पूर्ण थांबवावं. दृष्ट लागू नये म्हणून कपाळावर नाहीतर गालावर तीट लावायची आपली रीत आहे, ती पुरेशी आहे.

खाण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. मासळीच्या तेलातली ओमेगा-३ स्निग्धाम्लं कोरड्या डोळ्यांवर उपयोगी पडतात, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. २०१८ मध्ये 'ड्रीम' नावाच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत ५३५ रुग्णांपैकी काहींना वर्षभर रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ दिलं, उरलेल्यांना ऑलिव्हचं तेल. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं. तेव्हा जवसाची चटणी भाकरीबरोबर आवडीने खावी, बांगडा परवडेल तेव्हा खावा, पण डोळ्यांसाठी महागड्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत. पडद्यासमोर बसणाऱ्यांनी मात्र एका गोष्टीकडे जरूर लक्ष द्यावं. एरवी आपण मिनिटाला पंधरा वेळा वगैरे पापण्या मिटतो. मोबाइलवर डोळे खिळले की हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं, आणि मिटतात तेव्हाही पापण्या अर्ध्याच मिटतात. पापणी पुरती मिटली नाही तर तेल बाहेर येतच नाही. अधूनमधून डोळे सावकाश पूर्ण मिटून, क्षणभर तसेच ठेवून उघडावेत. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ओढावी, पंख्याचा झोत चेहऱ्यावर घेऊन झोपू नये.

आणि एक कळकळीची विनंती. औषधाच्या दुकानात "डोळे लाल आहेत" एवढं सांगितलं की कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले थेंब हातात पडतात. त्यांनी लाली एका दिवसात उतरते, म्हणून लोक तीच बाटली वर्षानुवर्षं आणत राहतात, घरातल्या इतरांनाही देतात. स्टेरॉइडमुळे डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरही पापणीच्या दाहात कधी थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड देतात, पण ते दाब मोजून आणि केव्हा थांबवायचं ते ठरवून. जुनी चिठ्ठी दाखवून ते थेंब पुन्हा आणू नयेत. घरच्या काळजीने भागत नसेल तर डॉक्टर जंतुनाशक मलम देतात, किंवा काही आठवडे पोटातून डॉक्सिसायक्लीन देतात. हे औषध गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना चालत नाही, म्हणून तेही स्वतःच्या मनाने घेण्याजोगं नाही. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण त्या गोळ्या तेलग्रंथींना सुकवतात.

काही लक्षणं दिसली तर शेकात वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. नजर कमी होणं, उजेड सहन न होणं, डोळ्याच्या आत ठणका, काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका. पापणी सुजून डोळा बंद होणं, सोबत ताप, डोळा फिरवताना दुखणं. लहान मुलाच्या बाबतीत यातलं शेवटचं लक्षण तर रात्रीही थांबू नये असं आहे.

आणखी एक गोष्ट हळूहळू, न दुखता येते, म्हणून ती निसटते. पापणीचा दाह बहुधा दोन्ही डोळ्यांना असतो. तो एकाच डोळ्याला असेल, महिनोन्महिने उपचार करूनही हटत नसेल, त्या जागेचे पापणीचे केस गळत असतील, किंवा उतारवयात गाठ काढल्यावर त्याच जागी पुन्हा येत असेल, तर तो याच तेलग्रंथींचा कर्करोग असू शकतो. पापणीच्या कर्करोगांमध्ये या प्रकाराचं प्रमाण भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि साध्या गाठीचं सोंग घेऊन तो वर्ष-वर्ष लपून राहतो. लवकर सापडला तर डोळा आणि जीव दोन्ही वाचतात. अशी गाठ दुसऱ्यांदा काढली जात असेल, तर काढलेला तुकडा तपासणीसाठी पाठवणार आहात ना, हे डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधीच विचारावं.